लाल बटणामागचं नाव

मासेमारी बोटीवरच्या नव्या व्हीएचएफ संचावर झाकणाखाली एक लाल बटण असतं. झाकण उचलून ते काही सेकंद दाबून धरलं की संच ७० नंबरच्या चॅनेलवर एक डिजिटल हाक (डीएससी) सोडतो. त्या हाकेत बोटीचा नऊ आकडी नंबर असतो. जीपीएस जोडलेलं असेल तर बोटीची जागा आणि वेळही असते. या नंबराला एमएमएसआय म्हणतात. भारतीय नौकांचा नंबर ४१९ने सुरू होतो. पुढचं सगळं किनाऱ्यावरच्या दप्तरावर अवलंबून आहे. तो नंबर कुठल्या बोटीचा, मालक कोण, घरी फोन कुणाला करायचा, हे तिथे लिहिलेलं असेल तर शोधाला दिशा मिळते. नसेल तर ऐकणाऱ्याच्या हाती नुसते नऊ आकडे उरतात.

या नोंदणीबद्दल किनाऱ्यावर दोन मतं आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे, म्हणून ती इथे समोरासमोर बसवली आहेत. एक आहे हर्णैचा नाखवा. दोन ट्रॉलरांचा मालक, तरुणपणी स्वतः तांडेल. दुसरे त्याच गावचे, मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून उमर घालवून परतलेले. जहाजावरचे खलाशी रेडिओ ऑफिसरला मार्कोनीसाब म्हणत. गावानेही त्यांना मार्कोनीच म्हटलं. दोघंही कुणा एका माणसाचं चित्र नाहीत, पण त्यांच्या तोंडचे प्रश्न खरे आहेत.

नाखवा : काका, बोटीचा नंबर दोन्ही बाजूंना रंगवलाय. लायसन आहे, विमा आहे, खलाशांची ओळखपत्रं आहेत. बंदर सोडताना टोकन घ्यायचं. डिझेलचा परतावा हवा तर त्याचे कागद वेगळे. आता म्हणतात वायरलेसचाही परवाना काढा, त्याचा नंबर घ्या, तो नोंदवा. मी कोण ते अजून किती वेळा सांगायचं?

मार्कोनी : रंगवलेला नंबर कोण वाचतं? जो तुझ्या शेजारी उभा आहे तो. रात्री, पावसात, बोट एका अंगावर कललेली असताना तोही वाचू शकत नाही. रेडिओचा नंबर अंधारातही वाचता येतो.

नाखवा : आम्हाला वाचायची गरजच नाही. आमचा चॅनेल ठरलेला आहे. वायरलेसवर कुणी नुसतं ‘ओ’ दिलं तरी कळतं कुणाचा तांडेल बोलतोय, दम लागलाय की दारू प्यायलाय. मशीन बंद पडलं तर ओढायला पहिली कोण येते? शेजारची बोट. तिला मी नऊ आकडे सांगणार आहे का?

मार्कोनी : शेजारची बोट पहिली येते हे शंभर टक्के खरं. समुद्रावर वाचलेली बहुतेक माणसं अशीच वाचली आहेत. पण तुझा आवाज ओळखणारा माणूस आवाजाच्या टप्प्यात असला पाहिजे. ओखी आठव. २०१७च्या नोव्हेंबरअखेर वादळ कन्याकुमारीकडून आलं आणि केरळ-तामिळनाडूच्या बोटी वर सरकत सरकत आपल्या देवगडला येऊन लागल्या. अडुसष्ट बोटी, नऊशे बावन्न माणसं. तिकडे त्यांच्या गावात बायका किनाऱ्यावर बसून होत्या, कुठली बोट बुडाली आणि कुठली तरली याचा पत्ता नाही. देवगडच्या लोकांनी त्यांना जेवण दिलं, कपडे दिले. पण त्यातल्या एकाचाही आवाज देवगडात कुणी ओळखू शकलं असतं का? गावाची ओळख गावाच्या पाण्यापुरती. मासा हल्ली तेवढ्या पाण्यात मिळतो का, ते तूच सांग.

नाखवा : नाही मिळत. पूर्वी ज्या वावात जाळं भरायचं तिथे आता डिझेलसुद्धा सुटत नाही. पण ओखीत त्यांच्याकडे तुमचा नंबर असता तरी काय झालं असतं? व्हीएचएफ किती लांब जातो ते मला माहीत आहे.

मार्कोनी : बरोबर धरलंस. व्हीएचएफची लाट सरळ जाते, पृथ्वीच्या गोलाईआड वळत नाही. किनाऱ्यावरचा मनोरा उंच असेल तर वीस-पंचवीस सागरी मैल, बोट ते बोट त्याहून कमी. त्यापलीकडे उपग्रहच हवा. पण उपग्रहाकडे जाणाऱ्या बीकनचीही गोष्ट तीच आहे, नोंदणीची. जुने बीकन १२१.५ मेगाहर्ट्‌झवर ओरडायचे. नुसतं ओरडायचे. कोण ओरडतंय ते उपग्रहाला कळायचं नाही. शेवटी १ फेब्रुवारी २००९पासून उपग्रहांनी ती लहर ऐकणंच बंद केलं. आताचे बीकन ४०६वर बोलतात आणि प्रत्येकाच्या हाकेत त्याचा स्वतःचा कोड असतो. इशारा आला की आधी दप्तर उघडतात आणि मालकाला फोन लावतात. जगभर अशा बीकनचे बहुतेक इशारे चुकून गेलेले असतात. बोट जेटीला बांधलेली आहे हे एका फोनवर कळलं, तर विमान उडत नाही. आणि ते विमान खऱ्या बुडणाऱ्यासाठी मोकळं राहतं.

नाखवा : आमच्याकडे इस्रोचा डबा होता, डॅट. बटण दाबायचं आणि वाट बघायची. कुणी ऐकलं की नाही, कळायला मार्ग नाही. माणूस पाण्यात असताना असा मुका डबा काय धीर देणार?

मार्कोनी : ती त्याची मोठी उणीव होती. डॅट २०१०पासून चालू आहे, वीस हजारांवर डबे वाटले गेले. हाक बंगळुरूच्या केंद्रात जाते, तिथून तटरक्षक दलाकडे. पण परत उत्तर यायचं नाही. जानेवारी २०२४मध्ये त्याची दुसरी पिढी आली. तिच्यात हाक पोचल्याचं उत्तर बोटीवर येतं. मोबाइल जोडला की संदेश आपल्या भाषेत वाचता येतो. ‘मदत येतेय’ एवढे दोन शब्द वाचले, तर माणूस आणखी चार तास तरंगतो. मी जहाजावर हाका घेतल्या आहेत. उत्तर मिळाल्यावर पलीकडच्याचा हात बदलतो, मोर्सच्या ठोक्यांतसुद्धा कळायचं.

नाखवा : हे सगळं झालं. आता माझी खरी अडचण सांगतो. नंबर आला की माझी बोट कुठे आहे ते साऱ्यांना दिसतं. एआयएस लावलं की कुणीही मोबाइलवर बघतो. मला पापलेट लागलं की दुसऱ्या दिवशी तिथे वीस बोटी. आणि फिशरीजवाले? मासेमारीचा कायदा १९८१चा, २०२१मध्ये दुरुस्त केला आणि दंड लाखांत नेला. वाऱ्याने, करंटने बोट किनाऱ्याजवळच्या बंदीच्या रेषेच्या आत सरकली तर पडद्यावर ते वारा दाखवणार नाहीत, बोट दाखवतील. रात्री एलईडी लावून समुद्र खरवडणारे एआयएस बंद करून फिरतात. सापडतो कोण? ज्याने नंबर चालू ठेवला तो.

मार्कोनी : तू दोन वेगळी यंत्रं एकत्र केलीस, ती आधी सोडवू. एआयएस तुझी जागा सतत सांगत राहतं. वीस मीटरवरच्या बोटींना ते लावावंच लागतं. व्हीएचएफ संचातला डीएससी तसा नाही. तो गप्प असतो. तू लाल बटण दाबशील तेव्हाच तो जागा सांगेल. दुसऱ्या संचाने जागा विचारली तर उत्तर द्यायचं की नाही, हेसुद्धा बहुतेक संचांत तुला ठरवता येतं. म्हणजे रेडिओचा नंबर नोंदवल्याने तुझं पापलेट कुणाला सापडत नाही.

नाखवा : नंबर तर एकच ना दोन्हींना?

मार्कोनी : एकच. नंबर बोटीचा असतो, यंत्राचा नव्हे.

नाखवा : मग झालं की. आज रेडिओसाठी दिला, उद्या तोच धरून बाकीचं जोडतील. २६/११नंतर काय झालं ते मी बघितलंय. कुबेर पोरबंदरची बोट, तिला समुद्रात धरली, माणसं मारली आणि तिच्यातून अतिरेकी मुंबईला आले. तिच्यावरही नंबर रंगवलेला होता. संशय मात्र आम्हा साऱ्यांवर. तपासणी, कार्डं, टोकनं. मच्छीमार म्हणजे आधी संशयित, मग माणूस.

मार्कोनी : ते दुःख मला कळतं. पण कुबेरचीच गोष्ट उलटी करून बघ. त्या बोटीवरच्या माणसांच्या हाती झटकन दाबता येईल असं बटण असतं, त्याचा नंबर कुणी ओळखला असता, तर? मी खात्रीने काही सांगत नाही. पण समुद्रात बोट धरली गेल्याचं किनाऱ्याला कळलंच नाही, हे तर तुलाही मान्य आहे. त्या दिवशी पहिला मार बोटीवरच्या माणसांनीच खाल्ला. रेडिओची ओळख पहिल्यांदा त्यांच्या कामाची होती, सरकारच्या नंतर.

इथे मला नाखव्याच्या बाजूने बोलल्यावाचून राहवत नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये देशभरातल्या बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. तेरा किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून एक लाख ट्रान्सपॉन्डर, खर्च सुमारे ३६० कोटी रुपये. त्या एकाच डब्यातून संकटाची हाकही जाते, हवामानाचा इशाराही येतो आणि बोटीवर नजरही राहते. योजना चांगली आहे, मला ती हवी आहे. पण जीव वाचवणारं आणि दंड करणारं दप्तर एकच असेल, तर दंडाच्या भीतीने डबा बंद करणारा माणूस बुडायच्या दिवशीही तो बंदच ठेवून बसलेला असेल. हा दोष त्या माणसावर ढकलून मोकळं होता येणार नाही. बचावासाठी दिलेली माहिती बचावासाठीच वापरली जाईल, हे सरकारने लेखी सांगावं आणि पाळावं. तोवर नाखव्याचा संशय मला रास्त वाटतो. पण याच संशयापोटी रेडिओचा नंबर न नोंदवणं मात्र मला मुळीच पटत नाही, कारण तिथे नुकसान फक्त बोटीवरच्यांचं आहे. पुढचं बोलणं त्याचंच आहे.

नाखवा : माझ्या मोठ्या बोटीवर असा लाल बटणवाला संच आहे. गुजरातेतून बोट घेतली तेव्हा तिच्याबरोबरच आला. चालतो मस्त.

मार्कोनी : त्यात नंबर कुणाचा आहे?

नाखवा : असेल आधीच्या मालकाचा. असला तर.

मार्कोनी : म्हणजे तू बटण दाबलंस तर शोध वेरावळच्या कुठल्या तरी बोटीचा सुरू होईल. फोन त्या मालकाकडे जाईल. तो म्हणेल, माझी बोट तर समोर बांधलेली आहे. मग ऐकणारा काय समजेल? चुकून दाबलं गेलं. नंबर नसलेला संच दाबला जात नाही, बहुतेक संच हाक सोडायला नकारच देतात. चुकीचा नंबर असलेला मात्र दाबला जातो आणि चुकीच्या माणसाला शोधायला लावतो. मला विचारशील तर हा दुसरा जास्त वाईट.

नाखवा : मग बदलून टाकतो नंबर. बटणं तर आहेत.

मार्कोनी : नाही बदलता येत. नंबर एकदा, फार तर दोनदा घालता येतो. मग संच कुलूप लावतो. पुन्हा घालायचा तर विक्रेत्याकडे किंवा कंपनीकडे न्यावा लागतो. कुणी गंमत म्हणून भलताच नंबर घालू नये, यासाठीच ते केलंय. म्हणून नवा संच घेतलास तर आधी नंबर हातात घे, मग घाल. दुकानदाराला ‘काहीतरी टाकून दे’ म्हणू नकोस. आणि बोट विकशील तेव्हा दप्तरात कळव. नंबराबरोबर तुझ्या घरचा फोनही त्या बोटीमागे फिरत राहील, नाहीतर.

नाखवा : आणि जीपीएसचं म्हणालात ते? माझ्या संचाला जीपीएस आतच आहे का कसं?

मार्कोनी : काहींच्या आत असतं, काहींना प्लॉटरमधून दोन तारा ओढाव्या लागतात. ते दोन तारांचं काम कुणी करत नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने मागे जाहीर केलं होतं की त्यांच्याकडे येणाऱ्या डीएससी हाकांपैकी सुमारे नव्वद टक्क्यांत जागाच नसते, आणि सुमारे साठ टक्क्यांतला नंबर कुठे नोंदलेला नसतो. तिथे शिकलेले, पैसेवाले बोटवाले आहेत. तरी ही गत. संच घेतला, पेटवला, गाणी ऐकल्यासारखा वापरला. ज्यासाठी घेतला ते काम अर्धवट राहिलं.

नाखवा : (जरा थांबून) पोरं खोड्या करतात, काका. नवा खलाशी चढला की सगळी बटणं दाबून बघतो. लाल दाबलं तर पोलीस यायचे, दंड व्हायचा. म्हणून आमच्याकडे त्यावर चिकटपट्टी लावतात.

मार्कोनी : चिकटपट्टी काढ. बटण चुकून दाबलं गेलं तर संच बंद करून लपून बसायचं नाही, तीच सगळ्यात मोठी चूक. संचावरूनच हाक रद्द करायची, मग १६ नंबरच्या चॅनेलवर जाऊन बोटीचं नाव आणि नंबर सांगून म्हणायचं, चुकून गेली, आम्ही ठीक आहोत. लपलास तर चार बोटी आणि एक हेलिकॉप्टर तुला शोधत फिरतील. चाचणी करायची तर लाल बटण नकोच, साध्या हाकेची चाचणी असते. प्रत्येक नव्या खलाशाला पहिल्या दिवशी दोन गोष्टी शिकव, लाइफजॅकेट कुठे आहे आणि हे बटण काय करतं. जाळं मग.

नाखवा : तुम्ही एवढं त्याचं गुणगान करताय, पण याच बटणाने तुमची नोकरी घालवली ना? गावात सांगतात.

मार्कोनी : घालवली. १ फेब्रुवारी १९९९पासून नवी व्यवस्था पूर्ण लागू झाली आणि जहाजावर रेडिओ ऑफिसर ठेवायची सक्ती संपली. मोर्सचा हात तयार करायला वर्षं लागली होती माझी. वाईट वाटलं, अजून वाटतं. पण मला हेही माहीत आहे की माणूस झोपतो. १९१२ साली टायटॅनिक बुडत होतं तेव्हा कॅलिफोर्नियन नावाचं जहाज जवळच होतं. त्यावर रेडिओवाला एकटाच, दिवसभर काम करून झोपी गेलेला. त्याने काही गुन्हा केला नव्हता. चॅनेल ७०वर ऐकणारा संच झोपत नाही, जेवायला जात नाही. तो नुसता आवाज करून सगळ्यांना उठवतो. माझं काम त्याने माझ्यापेक्षा चांगलं केलं, तर मी त्याच्याविरुद्ध कसा बोलू? फक्त एक गोष्ट तो करू शकत नाही. पलीकडचा कोण हे तो स्वतःहून ओळखू शकत नाही. ते माणसाने आधी लिहून ठेवावं लागतं.

नाखवा : आणि माझे खलाशी? माझ्या बोटीवर निम्मे नेपाळचे आहेत. कुणी दोन फेऱ्या करतो, कुणी हंगामभर टिकतो. नंबर बोटीचा. बोट बुडाली तर तुमच्या दप्तरात माझं नाव येईल, फोन माझ्या घरी येईल. त्या पोरांच्या घरी कोण सांगणार?

मार्कोनी : याला माझ्याकडे उत्तर नाही. नंबर माणसं मोजत नाही.

हा प्रश्न नाखव्याने विचारावा याचं मला मोल वाटतं. रत्नागिरी जिल्ह्याच्या बंदरांत नेपाळी खलाशी आता सगळीकडे दिसतात. त्यांच्यातल्या कितींना पोहता येतं, कुणाच्या गावचा फोन कुणाकडे लिहिलेला आहे, याची चौकशी बोट सुटताना क्वचितच होते. समुद्रातून आलेल्या हाकेनंतर शोधणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो : बोटीवर माणसं किती? नंबर त्याचं उत्तर देत नाही. ते द्यायचं तर किनाऱ्यावर कुणाकडे तरी त्या फेरीची यादी असली पाहिजे. आणि इथे मार्कोनींनी पुढे जे सांगितलं ते प्रत्येक मालकाने ऐकावं.

मार्कोनी : यंत्राकडे उत्तर नाही, पण तुझ्याकडे आहे. दप्तरात घरचा फोन म्हणून तू कुणाचा देणार?

नाखवा : माझाच मोबाइल.

मार्कोनी : आणि तू बोटीवर असलास तर? तो मोबाइल तुझ्याबरोबर पाण्यात. फोन अशा माणसाचा दे जो जमिनीवर असतो आणि रात्री दोनला उचलतो. तुझी बायको, भाऊ, सोसायटीचा सेक्रेटरी. आणि दर फेरीला बोट सुटायच्या आधी त्याच माणसाला खलाशांची नावं आणि प्रत्येकाच्या घरचा एकेक नंबर पाठव. मोबाइलवर फोटो काढून पाठवलास तरी चालेल. नेपाळच्या पोराच्या आईचा नंबर तुझ्या बायकोकडे असू दे.

नाखवा : हे होण्यासारखं आहे. याला कुणाचा शिक्का लागत नाही. नंबराचंही करतो, काका. मोठ्या बोटीचा संच विक्रेत्याकडे नेतो, माझ्या बोटीचा नंबर घालून घेतो. पण एआयएसबद्दलचं माझं म्हणणं मी सोडलेलं नाही.

मार्कोनी : सोडूही नकोस. सोसायटीच्या बैठकीत मांड. मी येतो बरोबर.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी ओढलेल्या असतात, जाळी विणली जातात, मशीन खोललेलं असतं. या दोन महिन्यांत संचाला हात लावायला वेळ मिळतो. नाखवांना, तांडेलांना माझी विनंती आहे : संच चालू करून आत कुठला नंबर आहे तो बघा आणि तो तुमच्याच बोटीच्या नावावर आहे ना, याची खात्री करून घ्या. जीपीएसची तार जोडलेली नसेल तर जोडून घ्या. दप्तरात दिलेला फोन जमिनीवरच्या माणसाचा असू द्या, आणि तो बदलला की त्याच दिवशी कळवा. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर त्या माणसाच्याही फोनमध्ये घाला. हे सगळं १ ऑगस्टच्या आधी करा, पहिली बोट सुटण्याच्या आधी.